न विचारलेलं उत्तर

सांग्याने उत्तर तयार करून तपासणीसाठी माहिती खात्यातल्या केतकी घाडीच्या पडद्यावर टाकलं, तेव्हा ती डब्यातली भाकरी मोडत होती. प्रश्न एका विमा कंपनीचा होता. असले प्रश्न रोज येत आणि केतकी ते जेवता जेवता निकालात काढी. 'पालेखोल, वरची वाडी. या वस्तीखालचा डोंगर स्थिर आहे काय?' गावाचं नाव वाचून तिला आधी हसूच आलं. आपल्या माहेराची चौकशी करायला जगात कुणाला सवड आहे! मग तिने खालचं उत्तर वाचलं आणि घास हातातच राहिला.

'नाही. उतार सरकू लागला आहे आणि सरकण्याचा वेग वाढतो आहे. येत्या पंधरवड्यात तो कोसळण्याची शक्यता फार मोठी आहे.'

तिने आकडे पुन्हा पाहिले. कुठेतरी चूक सापडावी म्हणून इतक्या आशेने तिने आजवर एकही उत्तर तपासलं नव्हतं. चूक नव्हती. तिचं काम एवढंच की उत्तर बरोबर असेल तर 'बरोबर'चं बटण दाबायचं. ते तिने दाबलं. विमा कंपनीला क्षणात कळलं. वरच्या वाडीत त्या वेळी तिची वयनी बहुधा भांडी घासत असेल.

यात जादू काही नव्हती. गावोगाव इंटरनेट नेणारी काचेची तार रस्त्याकडेने पुरलेली असते. तिच्यातून प्रकाशाचे ठोके धावत असतात. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात बारीक बारीक दोष राहतातच आणि त्या प्रत्येक दोषावर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन केसभर ताणली तर तारही ताणते आणि माघारी येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो फरक तारेच्या कोणत्या जागी पडला, हेही मोजता येतं. टेम्पो गेला, विहिरीवरचा पंप सुरू झाला, डोंगराने कूस बदलली, सगळं त्या तारेला ऐकू येतं. वरच्या वाडीतली पोरं जिच्यातून सिनेमे बघत होती, तीच तार त्यांच्या पायाखालचा डोंगर ऐकत होती.

तारेने ऐकलेलं सगळं सांग्याकडे जमा होई. सरकारदरबारी त्या यंत्राचं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी त्याचा सांग्या केला आणि तेच रूढ झालं. पाणी, हवा आणि माहिती यांवर प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असा कायदा होऊन आता काही वर्षं झाली होती. फोन उचलायचा आणि आपल्या बोलीत विचारायचं. सांग्या त्याच बोलीत खरं उत्तर देई, रावाला आणि रंकाला सारखंच.

फक्त विचारावं लागे. कायदा नवा होता तेव्हा खाडीकाठच्या एका शहरात लोकांच्या फोनवर आपण होऊन इशारा गेला: पाणी येतंय. लोक पुलाकडे धावले, पुलावर चेंगरून मेले आणि पाणी काही आलंच नाही. त्यानंतर एक कलम आलं. विचारेल त्याला सगळं सांगायचं, न विचारेल त्याला काही नाही. खात्यातल्या माणसाने आपण होऊन कुणाला सांगितलं तर तुरुंग होताच. त्याहून वाईट म्हणजे, त्याने कुणाला विचारायला लावलं तर तो 'पढवलेला प्रश्न' ठरे आणि चौकशी संपेपर्यंत त्या गावाचं उत्तरच कुलूपबंद होई. चौकशी महिनोन् महिने चाले. खात्याच्या लोकांचे फोन सांग्या ऐके, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

केतकी दळवी साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आला होता आणि वाद नको म्हणून जगत होता.

"साहेब, पालेखोलच्या वरच्या वाडीचं उत्तर..."

"घाडी मॅडम," दळवींनी हात वर केला, "मला काही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर मला ते नोंदवावं लागेल."

"माझं माहेर आहे तिथे."

"म्हणूनच म्हणतो, सांगू नका." त्यांनी आवाज उतरवला. "वाडीतल्या कुणी विचारलंय का?"

"कुणीच नाही. ही विमा कंपनी, त्याआधी रस्त्याचा ठेकेदार, काजूची बाग घेऊ बघणारे दोघे."

"हक्क सगळ्यांना आहे हो," दळवी म्हणाले. "वापरायला नको का लोकांनी?"

ठेकेदार मागच्याच महिन्यात अर्धं काम टाकून यंत्रं घेऊन गेला होता आणि वाडीने त्याच्या आळशीपणाला शिव्या घातल्या होत्या. तो का पळाला, ते केतकीला आता कळलं.

तिने भावाला फोन लावला. नंदा तिच्याहून मोठा, रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याकडे (केतकीने लग्नानंतरही हेच आडनाव ठेवलं होतं), म्हणून वडलांमागे तो नंदाकडे आला होता.

"दादा, व्हाळाचां पाणी कसां आसा?" तिने ओढ्यावरून जपून सुरुवात केली.

"लाल येता. पावसाचे दीस, लाल नाय तर काय दुधासारख्यां येतलां?"

"पाऊस तर उघाडलो मां?"

नंदा म्हणाला, "देवळाचो दरवाजो पण लागना नाय गो. चौकट वाकडी झाली. म्हणान आमी सगळ्यांनी देवाक कौल लावलो. देवान सांगल्यान, जागो सोडू नको. सपलां."

पुढचं नंदा आपणच बोलला. "परबाचो झील म्हणा होतो, सांग्याक विचारूया. आबा गुरव असो तापलो! म्हणालो, देवाक विचारल्यावर माणूस मशिनीक विचारूक लागलो तर देवाची किंमत काय रवली? बरोबर आसा मां तां?"

"व्हय," केतकी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती वाडीत पोचली. लख्ख ऊन पडलं होतं. भाद्रपद सरताना पडतं तसं. सगळं हिरवं चकाकत होतं. चतुर्थीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले होते आणि वाडी पुन्हा आपल्यापुरती उरली होती. नंदाच्या घरी मागच्या पडवीत भिंतीला बोट जाईल एवढी चीर गेली होती. सुलू वयनीने तीत कापडाचा बोळा कोंबला होता.

"पाली येतत गो त्याच्यातसून," वयनी म्हणाली. "बस तू. घावणे घालतंय."

केतकीला रडू फुटायचंच बाकी होतं. या बाईच्या हातचे घावणे खात तिने बसायचं आणि तिला काही सांगायचं नाही? सांगावं तर उत्तर कुलुपात जाणार. सरकारी उत्तराशिवाय तहसीलदार गाडी पाठवणार नाही आणि देवाने थांब म्हटलेली वाडी नंदाच्या बहिणीच्या शब्दावर हलणार नाही. शिवाय तुरुंग. तुरुंगाची भीती तिला वाटत होती, आणि ती वाटते याची लाजही. इकडे आड, तिकडे विहीर. ती घावणे खात राहिली.

खाता खाता तिला ते सुचलं. कलमाने तिला माणसांना सांगायला बंदी केली होती, माणसांना पढवायला बंदी केली होती. देवाला काही विचारायला कुणी बंदी केली नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या ते डोक्यातच आलं नसणार.

"दादा," ती म्हणाली, "माका कौल लावूचो आसा."

माहेरवाशिणीला नाही कोण म्हणणार? संध्याकाळच्या आत देवळात दहा-पंधरा माणसं जमली. आबा गुरवांनी रवळनाथाच्या पाषाणाला पाणी घातलं आणि उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हातारे हात थरथरत, पण पाकळी लावताना थरथरत नसत. केतकीला त्यांनी लहानपणी याच देवळात खांद्यावर बसवून घंटा वाजवायला दिली होती.

नंदाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साद दिली.

"आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मनात काय आसा तां तुका ठावक. तेचो उलगडो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

केतकी पुढे झाली. "देवा, डोंगराचो सवाल सांग्याक विचारूक तुझी परवानगी आसा काय?"

मागे कुजबुज झाली. आबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, पण कौल लागलेला होता, आता तो मोडता येत नव्हता. सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहिले. समईची वात तडतडली. देवळाच्या जमिनीखाली कुठेतरी बारीकसा आवाज झाला की तिला भास झाला, कोण जाणे. उजवी पाकळी हलली.

डावी पडली.

"सपलां," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "देव नको म्हणता. आता कोणी तां नाव काढूचां नाय."

माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली. केतकी खांबाला धरून उभी राहिली आणि मग तिला रडू आवरेना. देवळात माहेरवाशिणी रडतात, त्यात नवल नाही. बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नंदा मात्र तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिला हाताला धरून बाहेर पारावर आणलं.

"केतू, तुझां काम काय? लोकांची उत्तरां तपासूची. डोंगराचां, दर्याचां, सगळां तुका आदी ठावक जाता. मग तू देवाक विचारूक कित्याक इलंस?"

ती ओढणीचं टोक बोटांत गुंडाळू लागली.

"माका सांग."

तिने मान हलवली नाही. होय म्हणायला नाही आणि नाही म्हणायलाही नाही, कारण मान हलवणं म्हणजेही सांगणंच होतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी आई रागे भरली की बघायची तशी. ओढणीचं टोक तिने मुठीत इतकं पिळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. नंदाने ती मूठ पाहिली आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"बरां," तो म्हणाला. "तू काय सांगू नको."

त्याने खिशातून फोन काढला. "डावो कौल पडलो हा, देवा. माफ कर," असं देवळाच्या दिशेने म्हणाला आणि स्पीकर चालू करून सांग्याला लावला.

"बोला, काय व्हया?" सांग्या मालवणीत बोलला, गावातलाच कुणी बोलावा तसा.

"पालेखोल वरच्या वाडीखालचो डोंगर ऱ्हवतलो काय?"

"ह्यो प्रश्न तुमका कोणी पढवलो काय?"

आवाजातला खोटेपणा सांग्याला कळतो म्हणत. खरं-खोटं केतकीलाही माहीत नव्हतं.

"नाय," नंदा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "माझी भैण हंय माझ्याकडे उबी आसा. तुमच्याच खात्यात आसा ती. तिना माका एक शबुद सांगूक नाय. म्हणानच विचारतंय."

फोन गप्प झाला. एरवी सांग्या असा थांबत नसे. पारावर पिंपळाची पानं सळसळत होती आणि देवळात कुणीतरी मोठ्याने हसलं.

"डोंगर ऱ्हवाचो नाय," सांग्या म्हणाला. "सरकूक लागलो हा. येत्या धा-बारा दिसांत केव्हाय पडात. वाडी खाली करा. विचारणारो वाडीतलो, म्हणान तहसीलदाराक ह्यां उत्तर पाठवलां हा."

नंदा पारावर बसला. बसूनच त्याने विचारलं, "ह्यां आणखी कोणाकोणाक ठावक आसा?"

"तुमच्याआदी चौघांनी विचारलां. वाडीतलो कोण नाय."

नंदाने फोन बंद केला आणि बहिणीकडे पाहिलं. "चार," तो म्हणाला. "आणि पाचवां तू."



सरकारी उत्तर आलं म्हटल्यावर चक्रं फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आले. गुरं, पेट्या, गॅसच्या टाक्या, टीव्ही सगळं नदीपलीकडच्या हायस्कुलात गेलं. देवाचा कौल मोडून जायचं म्हणून बायका रडत होत्या, तरी गेल्या. पोरं हातात असली की माणसाला देवाचा राग परवडतो. एकटे आबा गुरव देवळाच्या पायरीवर बसून राहिले.

"आबा, चला," केतकी त्यांच्या पायाशी बसली. वाडीने विचारलं होतं, आता सांगायला कुणाची बंदी नव्हती. "मी सांगतंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय सगळां. डोंगर पडतलो."

"बाय माझे," आबा मायेने म्हणाले, "तूच देवाची परवानगी मागलंस मां? मी पाकळी लावलंय, तुझ्याच नावान. देव नको म्हणालो. आता तेचां ऐकूक नको? मग विचारलंस कित्याक?"

नंदाने आणि परबाच्या मुलाने त्यांना उचलून टेम्पोत घातलं. ते भांडले नाहीत. हायस्कुलात आले, भात जेवले, दोन दिवस पोरांना गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर, सगळे आडवे झालेले असताना, देवाच्या दिव्यात तेल घालायला म्हणून ते उठून गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

डोंगर त्याच दुपारी, भर उन्हात पडला. हायस्कुलाच्या मैदानातून सगळ्यांनी पाहिला. आधी माड चालू लागल्यासारखे दिसले, मग आवाज आला. धूळ बसली तेव्हा वाडी नव्हती, देऊळ नव्हतं. केतकीने मैदानात इकडे तिकडे धावत आबांना हाका मारल्या. नंदाने तिला धरलं नाही. तो तसाच उभा होता.

खात्याने चौकशी केली. नंदाचं पारावरून फोनवर झालेलं बोलणं सांग्याकडे शब्दन् शब्द होतं. केतकी घाडीने कुणाला काहीही सांगितलेलं नाही, असा निर्वाळा मिळाला. कलमाचं इतकं काटेकोर पालन क्वचितच होतं, असा शेराही पडला. दळवी साहेबांनी पेढे आणले. तिने पेढा हातात घेतला आणि घरी येऊन कचऱ्यात टाकला. सरळ म्हणाली असती, आबा, डोंगर पडतोय, देवाला मध्ये न घालता, तर म्हातारा आला असता का? कदाचित नसता आला. पण मग त्याच्या हातात तिने मागितलेला डावा कौल तरी नसता. आपली कातडी वाचवायला आपण देव पुढे केला, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं.

जत्रेचा दिवस आला. वाडीला नदीपलीकडे पत्र्याची घरं मिळाली होती. चिखलातून उकरून काढलेला रवळनाथाचा पाषाण एका पत्र्याच्या छपराखाली मांडला होता. एका अंगाने तो फुटला होता. आबांचा पुतण्या पाकळ्या लावायला शिकत होता. खाज्या-लाडवांची दुकानं लागली होती, पोरं पिपाण्या वाजवत होती. सुलू वयनीने केतकीला जवळ घेतलं. नंदाने "इलंस?" म्हटलं आणि पुढे गेला. त्या दिवसानंतर त्यांचं बोलणं एवढ्यावरच आलं होतं.

केतकी गर्दीत मागे उभी राहिली. सकाळीच तिने एक उत्तर तपासलं होतं. प्रश्न एका खडी कारखान्याचा, गाव दाभिलखोरी, घाटापलीकडचं, तिने कधी न पाहिलेलं. 'नाही. उतार सरकू लागला आहे.' पाऊस केव्हाच संपला होता, तिथे सुरुंगांनी डोंगर खिळखिळा केला होता. तिने 'बरोबर' दाबलं होतं आणि गाडीत बसून जत्रेला आली होती. दाभिलखोरीत तिचा भाऊ नव्हता, वयनी नव्हती, कौल मागायला देऊळही नव्हतं.

नंदाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझो आबो गुरव तुझ्या दिव्यात तेल घालूक गेलो, तो तुझ्याच पायाकडे रवलो. तेका पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांचे आवाज भरून आले.

"जेका ठावक नाय, तेका विचारूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नंदा थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "आणि जेका ठावक आसा, तेका न विचारता सांगूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी जत्रा म्हणाली.

ती गर्दीतून बाहेर आली. खाज्याच्या दुकानाआड उभी राहून तिने खात्याचाच फोन काढला, कारण दुसरा तिच्याकडे नव्हता. दाभिलखोरीच्या सरपंचबाईंचा नंबर शोधला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि आता कुणी उचलू नये असं तिला एकदा वाटूनही गेलं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी केतकी घाडी. माहिती खात्यातून बोलतेय."

"बोला मॅडम." बाई गोंधळल्या. "पण आम्ही कुठं काय विचारलं होतं?"

"नाही," केतकी म्हणाली. "तुम्ही काहीच विचारलेलं नाहीये. तरी सांगते, ऐका."